ओली की सुकी, आणि क्रीडापानावरचे टक्के

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

भात कापून झालं की आमच्याकडे कुडाळात कुणगे (म्हणजे भाताचे वाफे) सपाट करून टेनिस बॉलच्या मॅची सुरू होतात. गेल्या मोसमात आमच्या वाडीचा कॅप्टन सलग चार टॉस हरला, तर माईकवाला ओरडतो, "आता पाचवो आपलोच, जातलो खंय!" मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलआधीपण लोक हेच बोलत होते, रोहित ११ वनडे टॉस हरलाय, आता तरी जिंकेल. तो बारावापण हरला (मॅच जिंकलो ते सोडा). सलग १२ हरणं म्हणजे ४०९६ मध्ये एकदा, पण हा हिशोब पहिल्या टॉसच्या आधीचा, ११ हरून झाल्यावर बाराव्याला चान्स निम्माच, नाण्याला मागचं काय आठवतंय?

लहानपणी आमच्याकडे नाणं कुठलं, चपटा दगड घ्यायचा, एका बाजूला थुंकी लावायची आणि ओली की सुकी. पण दगड एकीकडे जाड, तिथे निम्मं निम्मं चालत नाही, पन्नासदा उडवून मोजायलाच लागतं. बॅट्समन हा त्या दगडासारखा. आणि मोजायचं म्हटलं की भागायचं कशाने ते आलंच. सचिनच्या २०० टेस्टमध्ये ५१ सेंच्युऱ्या, म्हणून लोक २५ टक्के सांगून मोकळे, अहो पण बॅटिंगला तो ३२९ वेळा आला, म्हणजे साडेपंधरा टक्के. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची टेस्टमधली सरासरी ९९.९४ बघून वाटतं माणूस दरवेळी शंभर करायचा, तर ८० डावांत २९ सेंच्युऱ्या, म्हणजे ३६ टक्केच. सरासरी वेगळी, चान्स वेगळा.

हे सगळं लिहायचं कारण, तुमच्या क्रीडापानावर मध्यंतरी आमच्या तालुक्यातल्या एका पोराबद्दल छापलं होतं, "फिफ्टीची शक्यता ६७ टक्के". खाली बघितलं तर डाव तीन, फिफ्ट्या दोन. पोरगा चांगला खेळतो त्यात वाद नाही, पण तीनदा उडवलेल्या दगडावरून काय कळणार, पुढच्या डावात शून्यावर गेला की तेच ५० टक्के होतात. टक्के छापा, फक्त बाजूला किती डावांचे ते पण छापा, एवढीच विनंती.

बाकी तो पाचवा टॉस आम्ही जिंकलो, त्यामुळे माईकवाला आता माझं काही ऐकत नाही.

आपला एक वाचक,
कुडाळ, सिंधुदुर्ग