सूचना : रविवारची बैठक आणि क्षेत्रकार्याची वाटणी

मंडळी, नमस्कार. एम.पी.एच.च्या (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) आरोग्यसंवर्धन विषयाच्या क्षेत्रकार्याची वाटणी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या जागी करू. कामाची जागा, शाळा आणि वस्ती असे तीन गट होतील. १९८६ चा, आरोग्यसंवर्धनावरचा आंतरराष्ट्रीय ओटावा जाहीरनामा वाचूनच या, विशेषतः आरोग्याला पोषक वातावरण घडवण्याचा भाग. तो उमगला नाही तर आपण कामगारांना नुसता उपदेश करत बसू.

कामाच्या जागेच्या गटाने आधी यंत्रमाग कारखान्यात तासभर उभं राहावं. खडखडाटात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू बसतात. ‘कानात बोळे घाला’ म्हणण्याआधी ते मिळतात का, हे विचारा.

सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांना भेटताना त्यांच्या मांडीवरचं सूप खाली ठेवायला लावू नका. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. आपल्या प्रश्नावलीपायी त्यांचा रोज बुडता कामा नये. वळता वळता बोलू द्या.

शाळा गटाने टेप आणावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर मुलांनाच मोजू द्या.

तेलुगू बोलता येणाऱ्यांनी आजच कळवा. सोलापूरच्या पूर्व भागात बरेच जण तेलुगू बोलतात, तिथे तुमच्याशिवाय काम अडेल.