काका, फिल्म वाचायला शिकवलंत त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही निघताना म्हणालात की आभारबिभार काही नको, चहा पाजलात तेवढं पुरे. पण मी ऐकणार नाहीये, आणि मुद्दाम उघड पत्र लिहितेय कारण जे तुम्ही मला शिकवलंत ते माझ्या बरोबरीच्या किती जणांना माहीतच नाही असं आता लक्षात येतंय. आम्ही सगळे सिक्वेन्सिंगच्या (मशीनने डीएनए वाचण्याच्या) जमान्यातले, एफएएसटीक्यू फाइल (त्या मशीनचा कच्चा डेटा) आली की पाइपलाइनला, म्हणजे एकामागोमाग चालणाऱ्या प्रोग्रॅम्सना, जोडायची, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या नात्यांचं झाड तयार. ती पाइपलाइन काय काय फेकून देते ते बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या लॅबमध्ये टीबीच्या जंतूचे जुने स्ट्रेन्स (वेगवेगळ्या पेशंटकडून मिळालेले वाण) फ्रीजरमध्ये आहेत, त्यातले काही पुन्हा वाढवून त्यांचं होल जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे अख्खा डीएनए वाचायचं काम, माझ्याकडे आलं, आणि त्याच स्ट्रेन्सच्या नव्वदच्या दशकातल्या एक्स-रे फिल्म्स, छातीच्या नव्हे, जंतूंच्या डीएनएच्या ठशांच्या, कपाटात पडून होत्या. फिल्म्स ब्राउन पाकिटात, पाकिटांवर बॉलपेनने तारखा आणि लेन (एकेका स्ट्रेनची उभी पट्टी) नंबर. नवीन डेटाची जुन्या फिल्मशी ताडणी करायची होती आणि लॅबमधल्या एकालाही ती फिल्म नीट वाचता येत नव्हती. मग कोणीतरी तुमचं नाव काढलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेल्या टेक्निशियन काकांचं, आणि तुम्ही खरंच बदलापूरहून लोकलने आलात, ते पण गर्दीच्या वेळी.

आता मुद्द्याचं. आयएस६११०. टीबीच्या जंतूच्या जीनोममध्ये असलेला १,३५५ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) छोटासा तुकडा, दोन्ही टोकांना २८ बेसचे एकमेकांच्या उलट (अगदी तंतोतंत नाही) रिपीट, आणि मधे फक्त स्वतःला हलवायचं एन्झाइम बनवण्यापुरती माहिती. बाकी त्याचं काही काम नाही, तो उडी मारतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो, बसताना तिथले ३ बेस दोनदा लिहून ठेवतो. मक्याच्या दाण्यांचे रंग बघून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात जे सांगितलं आणि ज्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं, तीच जात, फक्त इथे जंतूत. १९९० च्या आसपास हा तुकडा सापडला आणि लोकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या पेशंटच्या जंतूंमध्ये याच्या कॉप्या वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या संख्येने असतात, काहींत एकही नाही तर काहींत वीसच्या वर. १९९३ मध्ये या कॉप्यांचा ठसा काढायला सगळ्या जगाने एकच पद्धत वापरायची असं ठरलं म्हणजे एका देशाची फिल्म दुसऱ्या देशाच्या फिल्मशी जुळवता येईल.

ही पद्धत मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली पण होती, मार्कही मिळाले. पण कळली ती तुम्ही ट्यूबलाइटसमोर फिल्म धरलीत तेव्हा. तुम्ही विचारलंत, सांग बघू एका कॉपीला एकच बँड (फिल्मवरची आडवी काळी रेघ) का? मी गप्प. मग तुम्ही पाकिटाच्याच मागे पेन्सिलने काढून दाखवलंत. पीव्हीयू-टू हे डीएनए कापणारं एन्झाइम त्या तुकड्याला आत फक्त एकदा कापतं, ४६१ व्या बेसच्या जवळ, आणि प्रोब (हा तुकडा शोधून फिल्मवर उमटवणारा खुणेचा डीएनए) लागतो तो कापलेल्या जागेच्या उजव्या बाजूलाच, डाव्या भागाला लागतच नाही. म्हणजे बँडचं एक टोक कायम तुकड्याच्या आत, दुसरं टोक जीनोममध्ये पुढची पीव्हीयू-टूची जागा जिथे येईल तिथे, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अंतरावर. म्हणून जेवढ्या कॉप्या तेवढे बँड आणि प्रत्येकाची लांबी वेगळी. आणि मग तुमचा तो हिशोब, १,३५५ मधून ४६१ गेले की साधारण ९०० उरतात, म्हणजे ९०० बेसच्या खाली पूर्ण कॉपीचा बँड येऊच शकत नाही, आला तर आधी घाणीचा संशय घे मग जंतूचा. हे कुठल्या पुस्तकात मला दिसलं नव्हतं काका. दोन मिनिटांत मला त्या फिल्मवरचे दोन संशयास्पद डाग वेगळे काढता आले.

लेनचं पण तसंच. मी डावीकडून बँड मोजायला लागले तर तुम्ही थांबवलंत आणि आधी स्टँडर्ड लेन शोधायला लावली, बँडच्या लांब्या आधीच माहीत असलेल्या १४३२३ स्ट्रेनची, ती डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी असते. जेल (ज्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) चालताना मधली लेन पुढे पळते आणि कडेच्या मागे राहतात, बँड हसल्यासारखे वाकतात, त्यामुळे नुसतं डोळ्याने शेजारची लेन जुळतेय असं म्हणायचं नाही, स्टँडर्डने सरळ करून मगच म्हणायचं. तुम्ही फिल्म डोळ्यांपासून हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघत होतात, मी उगाच मॅग्निफाइंग ग्लास शोधत बसले होते.

एका स्ट्रेनची अशी फिल्म निघायला काय लागायचं तेही तुम्ही सांगितलंत. एलजे स्लँटवर (नळीतल्या तिरप्या खाद्यावर) कल्चर वाढायला कित्येक आठवडे, मग सीटीएबी या रसायनाने डीएनए काढायचा, तो भरपूर आणि तुटलेला नसलेला हवा, कापायचा, रात्रभर जेल चालवायचं, मेंब्रेनवर उतरवायचं, प्रोब लावायचा, आणि डार्करूममध्ये लाल दिव्यात फिल्म कॅसेटमध्ये ठेवून वाट बघायची. आणि एवढं करून बँड फिके आले की पहिल्यापासून सुरू. आम्हाला सर्व्हर तासभर अडकला तरी संताप येतो.

पण काका, तुमचा सगळ्यात मोठा उपकार म्हणजे एका बँडवाल्या लेन्सबद्दल तुम्ही जे बोललात ते. दोन लेन्समध्ये एकेकच बँड, दोन्ही एकाच उंचीवर, आणि कोणीतरी पाकिटावर लिहून ठेवलेलं "क्लस्टर", म्हणजे एकाच संसर्गाच्या साखळीतले. तुम्ही ते पेनाने खोडायलाच निघाला होतात, मी हात धरला म्हणून राहिलं, जुनं रेकॉर्ड आहे ना. तुम्ही म्हणालात ज्या जंतूत पाच किंवा त्याहून कमी कॉप्या आहेत तिथे ही पद्धत एकटी वापरायचीच नाही, सोबत दुसरी लागते. कारण एकच कॉपी असेल तर ती बहुतेकदा डीआर नावाच्या त्याच एका भागात बसलेली असते, तो भाग म्हणजे या तुकड्याचा आवडता अड्डा, मग एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन पेशंटचे जंतू फिल्मवर जुळे दिसणार. अमेरिकेत आणि युरोपात हे फारसं अडलं नाही कारण तिथले बरेच स्ट्रेन्स भरपूर कॉप्यांचे. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमध्ये १९९४ मध्ये याच फिंगरप्रिंटवरून दाखवून दिलं की शहरातल्या टीबीच्या साधारण एक तृतीयांश केसेस नुकत्याच झालेल्या संसर्गाच्या आहेत, जुना दबलेला आजार उठून आलेल्या नाहीत. त्याआधी सगळे समजायचे की श्रीमंत देशात टीबी म्हणजे बहुतेक जुनाच. मोठं काम होतं ते. पण तीच पद्धत जशीच्या तशी उचलून चेन्नईत लावली तेव्हा पंचाईत झाली, कारण दक्षिण भारतात एक कॉपीवाले आणि अजिबात कॉपी नसलेले स्ट्रेन्स मोठ्या प्रमाणात निघाले. तिथल्या संशोधकांनीच हे नव्वदच्या दशकाच्या मध्यात दाखवलं. मला तर वाटतं आपल्याकडच्या टीबीच्या कामातली ही सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

मग डीआर भागाचीच गंमत तुम्ही पुढे सांगितलीत. तिथे ३६ बेसचे सारखे तुकडे रांगेत आणि त्यांच्या मधे वेगवेगळे स्पेसर, आणि त्या ४३ स्पेसरपैकी कुठले आहेत कुठले नाहीत हे बघायची स्पॉलिगोटायपिंग १९९७ मध्ये आली. आज ज्याला सगळे क्रिस्पर म्हणतात तोच भाग. तुम्ही हे इतक्या सहज बोललात की मला आधी कळलंच नाही, म्हटलं काका क्रिस्पर कधीपासून, तर तुम्ही म्हणालात आम्ही तेव्हापासून मेंब्रेनवर बघतोय, नाव नंतर पडलं. आमच्या त्या एका बँडवाल्या जोडीचे स्पॉलिगोपॅटर्न मी सिक्वेन्समधून काढले. एक ईएआय घराण्यातला निघाला, दुसरा कॅस घराण्यातला. लांबलांबपर्यंत नातं नाही. पाकिटावरचं "क्लस्टर" अजून तसंच आहे पण बाजूला मी पेन्सिलने खरं काय ते लिहिलंय.

आणि उलटं पण तुम्हीच दाखवलंत, की दोन लेन्समध्ये १४ बँड जुळतात आणि एक जास्तीचा आहे म्हणून लगेच वेगळे पेशंट वेगळा स्ट्रेन म्हणू नको. तुकडा उड्या मारतो ना. नेदरलँड्समध्ये एकाच पेशंटचे लागोपाठचे नमुने बघून या पॅटर्नचं अर्धायुष्य साधारण ३ वर्षांचं धरलं होतं, म्हणजे तेवढ्यात निम्म्या स्ट्रेन्समध्ये काही ना काही बदल होतो. साखळी शोधायला हा वेग बरा पडतो, फार हळू बदललं तर सगळेच सारखे दिसतील.

आता माझ्या पाइपलाइनचं. तुम्ही गेल्यावर मी कोड उघडून बघितलं तर आयएस६११० च्या सगळ्या जागा मास्क केलेल्या (हिशोबातून झाकलेल्या), पीई-पीपीई नावाच्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जीन्सच्या सोबत. कारण रास्त आहे, आमचे रीड्स (मशीनची एकेक वाचनं) १५० बेसचे, तुकडा १,३५५ चा, एच३७आरव्ही या संदर्भाच्या स्ट्रेनमध्येच त्याच्या १६ कॉप्या, कुठला रीड कुठल्या कॉपीचा ते कसं कळणार, म्हणून सरळ वगळायचं. पण वगळलं की फिल्मवर ठसठशीत दिसणारी गोष्ट कॉम्प्युटरवर गायब. आणि त्या कॉप्या कुठे बसल्यात हे नुसतं ओळख पटवायला उपयोगाचं नाही, कधी कधी त्या शेजारच्या जीनला चालू पण करतात. स्पेनमध्ये औषधांना न जुमानणाऱ्या एका मायकोबॅक्टेरियम बोव्हिस (टीबीच्या जंतूचा गुरांमधला भाऊबंद) स्ट्रेनची साथ आली होती, त्यात हा तुकडा फॉपी (phoP) नावाच्या जीनच्या अगदी पुढे बसलेला निघाला आणि तो जीन जोरात चालत होता. हे मास्कच्या आत राहिलं तर कोणाला दिसणार?

शेवटी तुमच्या सांगण्यावरून मी रीड्सच्या जोड्यांमधून जागा शोधायचं सॉफ्टवेअर चालवलं, आयएसमॅपर. जोडीतला एक रीड तुकड्यात आणि दुसरा बाहेर जीनोममध्ये पडला की बाहेरच्यावरून जागा कळते. मग प्रत्येक जागेवरून पुढची पीव्हीयू-टूची जागा कुठे आहे ते मोजलं आणि फिल्मवर बँड कुठे यायला हवा होता ते कागदावर काढलं. बहुतेक लेन्समध्ये बसलं काका, बरोब्बर बसलं. मला इतका आनंद झाला की लॅबमध्ये ओरडले.

अजून एक, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. तुम्ही विचारलं होतंत की हा तुकडा आता कोणाच्या कामाचा आहे का. आहे! गोव्यात वेर्णाला बनणारं टीबी तपासायचं मशीन ट्रूनॅट, त्याची प्लस टेस्ट आयएस६११० बघते पण सोबत दुसरा जीनही बघते. कार्ट्रिजवाल्या मशीनची (जीनएक्सपर्टची) अल्ट्रा टेस्ट आयएस६११० आणि आयएस१०८१ दोन्ही बघते. भरपूर कॉप्या म्हणजे थोडे जंतू असले तरी पकड सोपी, म्हणून हा घेतला, आणि ज्या स्ट्रेनमध्ये तो नाहीच तो निसटू नये म्हणून जोडीला दुसरं टार्गेट. आयएस६११० वर एकट्यावर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या, लॅबने स्वतःच बनवलेल्या पीसीआर टेस्टवर तुम्ही जो राग काढलात तो अगदी योग्य जागी होता. आणि हो, पुण्यात बनणारी बीसीजी रशियन स्ट्रेनची, त्यात या तुकड्याच्या दोन कॉप्या असतात, डॅनिश स्ट्रेनमध्ये एकच. हे तुम्हाला नक्की आवडणार म्हणून खास लिहिलं.

सगळ्या फिल्म्स मी स्कॅन केल्यात, पाकिटांच्या दोन्ही बाजूंसकट, तुमच्या पेन्सिलीच्या आकृतीसकट. तुमचं नाव कामाच्या आभारात टाकायचं आहे, त्याला नाही म्हणू नका, काकूंशी मी परस्पर बोलून घेतलंय आणि त्यांची परवानगी आहे. फक्त एक लेन अडलीय, तिथे माझ्या हिशोबाने ११ बँड यायला हवेत आणि फिल्मवर १० च दिसतात. एका जाड बँडमध्ये दोन एकावर एक बसलेत असा मला संशय आहे, पण तुमच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय मी लिहिणार नाही. स्कॅन तुमच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय, वरून सातवा बँड बघा. रविवारी सकाळी फोन करते.

तुमचीच,
ती मॅग्निफाइंग ग्लासवाली