रचलेल्या भाषांचे धडे मराठीतूनही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नववीतील नात गेले काही महिने मोबाइलवर एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा शिकत आहे. जी भाषा कोणत्याही गावाची नाही ती शिकून काय मिळणार, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा तो विचारणाऱ्यांत मीही होतो. माध्यमिक शाळेत ३२ वर्षे मराठीचे व्याकरण शिकवलेला माणूस म्हणून कुतूहलापोटी तिच्याबरोबर धडे उघडले आणि माझे मत पालटले.

पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक एकमेकांकडे संशयाने पाहत अशा बियालिस्तोक गावात वाढलेल्या लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्या मूळ व्याकरणात अवघे १६ नियम आहेत. ‘तिग्रो’ म्हणजे वाघ आणि ‘तिग्रिनो’ म्हणजे वाघीण हे वाचताच नात म्हणाली, “आजोबा, हा तर आपला ‘ईण’ झाला!” ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, तर ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा, ‘कुइरी’ म्हणजे शिजवणे, तर ‘कुइरेयो’ म्हणजे स्वयंपाकघर. प्रत्यय म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तिला ते एका दुपारी उमगले, कारण येथे नियमाला अपवाद आडवे येत नाहीत.

पुढे ती ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथामालेतील परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन भाषेकडे वळली. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने या भाषेचा कोश १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ती परग्रहावरची वाटावी म्हणून त्यांनी वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम ठेवला. ‘भाकरी खातो मुलगा’ हा क्रम आपल्या कवितेत सहज खपतो, आणि इंग्रजी भाषकांना जड जाणारे तिच्यातील मूर्धन्य उच्चार आपल्या ‘ड’ आणि ‘ष’ यांच्या अगदी जवळचे आहेत. (‘ष’चा शुद्ध उच्चार आता आपल्यापैकी किती जण करतात, हा भाग वेगळा.)

भाषेशी असे खेळणे आपल्याला नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले, आणि ‘चतू चठेकु चतोसजा’ असे विचारणारी ‘च’ची भाषा आमच्या पिढीने वर्गात मनसोक्त वापरली.

एक तक्रार मात्र आहे. डुओलिंगोसारख्या ॲपवर गुण मिळवण्याच्या आणि रोजची साखळी न तुटू देण्याच्या नादात मुले वाक्ये पाठ करतात, नियमाकडे पाहत नाहीत. त्यापेक्षा ‘लेर्नू’ या विनामूल्य संकेतस्थळावरील एस्पेरांतोचे सविस्तर व्याकरण शांतपणे वाचणे मला अधिक उपयोगाचे वाटले. शिवाय आम्ही वापरलेले सर्व धडे इंग्रजीतून होते, त्यामुळे ‘वाघीण’सारखी जवळची उदाहरणे त्यांत येणे शक्यच नव्हते आणि दर वेळी आम्हाला इंग्रजीचा वळसा घालावा लागला.

म्हणून विनंती अशी की आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला रचलेल्या भाषांवरील एखादे कोडे मराठीतून द्यावे. पहिले मीच पाठवतो: ‘बोवो’ म्हणजे बैल, तर ‘बोविनो’ आणि ‘बोवेयो’ म्हणजे काय?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा