श्रेय मॅकडोनल्ड बंधूंनाही हवे

महोदय,

मॅकडोनल्ड्सच्या यशाची चर्चा निघाली की सारे श्रेय कंपनीचा विस्तार करणाऱ्या रे क्रॉक यांच्या पदरात टाकले जाते, ते मला पटत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे 1940 मध्ये उपाहारगृह काढणाऱ्या रिचर्ड व मॉरिस या मॅकडोनल्ड बंधूंनी 1948 मध्ये चांगला चाललेला धंदा काही काळ बंद ठेवला, गाडीपाशी जाऊन खाद्यपदार्थ देणाऱ्या सेविकांना निरोप दिला, पदार्थांची यादी जेमतेम नऊवर आणली आणि टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा आखून, कोणी कुठे उभे राहायचे हे कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष हालचाली करवून ठरवले. 15 सेंटांचा हॅम्बर्गर झटपट हाती पडू लागला तो या आखणीमुळे. मिल्कशेकची यंत्रे विकणारे क्रॉक तेथे पोहोचले 1954 मध्ये. विस्ताराची धडाडी निःसंशय त्यांची. मात्र खरा पैसा जागेत आहे, हे हेरले त्यांचे सहकारी हॅरी सॉनबोर्न यांनी : जागा कंपनीने ताब्यात घ्यायची आणि तिथे कंपनीच्या नावाने दुकान चालवणाऱ्याकडून भाडे वसूल करायचे. 1961 मध्ये क्रॉक यांनी हक्क विकत घेतले तेव्हा बंधूंना 27 लाख डॉलर मिळाले खरे, पण आपल्याच मूळ उपाहारगृहाला आपले नाव लावण्याची मुभा त्यांना उरली नाही.

— एक वाचक