‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढंच लिहू नका : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : समलैंगिक व तृतीयपंथी व्यक्तींवरील हल्ले आणि खंडणीच्या फिर्यादींची नोंद

महोदय,

या पत्रात नवा कायदा मागितलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं, महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कसं अडकलं, हे आपण जाणताच. आमचं मागणं पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकात मावेल, कारण ही प्रकरणं बहुधा फिर्याद नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच संपतात.

नेहमीच्या साच्यातला प्रकार घ्या. डेटिंग अ‍ॅपवर ओळख होते, गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर सरकतात, खोलीवर बोलावणं येतं. आत गेलं की मागून आणखी तिघं-चौघं शिरतात. कपडे काढायला लावून व्हिडिओ काढतात, मारतात, मोबाईल उघडायला लावून यूपीआयने पैसे वळते करतात. पुढे ‘घरी पाठवू का?’ एवढा प्रश्न पुरतो. असा माणूस धीर करून ठाण्यात पोचलाच, तर त्याच्या हकिगतीतल्या दोन चापट्या तेवढ्या उचलून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) (साधी दुखापत) ची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली जाते. गुन्हा अदखलपात्र ठरला की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. वास्तविक त्याच हकिगतीत खंडणी (३०८), जबरी चोरी (३०९) आणि डांबून ठेवणं (१२७) आहे. व्हिडिओचं काय, तर न्याय संहितेचं ७७ फक्त स्त्रीच्या चित्रणाला लागतं, म्हणून त्याचा उल्लेखच गाळतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई मात्र कुणाच्याही खासगी अवयवांच्या संमतीविना केलेल्या चित्रणाला लागतं. ते पाठ असलेला अंमलदार विरळाच. खंडणीची कमाल शिक्षा आता ७ वर्षं असल्यामुळे ‘आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू’ ही सबबही इथे बसत नाही. ती सवलत ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे.

जाता जाता एक गोष्ट. १८६० च्या दंडविधानाला ही खंडणी चांगली ओळखीची होती. ३७७ च्या, म्हणजे ‘अनैसर्गिक संभोगा’च्या, आरोपाची भीती घालून पैसे उकळणाऱ्याला कलम ३८८ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ज्या कायद्याने या माणसांना गुन्हेगार ठरवलं, त्यालाही त्यांना लुबाडणारा दिसत होता!

पुरावा तासांच्या हिशेबाने नाहीसा होतो. घाबरलेला माणूस आधी समोरच्याला ब्लॉक करतो, आणि काही अ‍ॅपवर ब्लॉक केलं की अख्खं संभाषण जातं. म्हणून ‘काहीही ब्लॉक किंवा डिलीट करू नका’ हे ठाण्यातून सांगितलं जाणारं पहिलं वाक्य असावं. मग प्रोफाइल आणि चॅटचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबण्याची आशा असते. इमारतीच्या गेटवरचं सीसीटीव्ही त्याच दिवशी, कारण डीव्हीआर भरला की जुनं पुसून त्यावरच नवं साठवतो. फोनमधला मजकूर घेताना हॅश मूल्य (मजकूर नंतर बदलला नाही हे दाखवणारा संगणकीय ठसा) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. सराफाच्या दुकानात चोरी झाली की हे सगळं न सांगता होतं.

आता हेतूबद्दल. पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, लिंग, भाषा ‘किंवा तत्सम कारणावरून’ खून केला तर १०३(२), गंभीर दुखापत केली तर ११७(४). या यादीत लिंगओळख किंवा लैंगिक कल हे शब्द नाहीत, हे खरं. पण संविधानातल्या ‘लिंग’ या शब्दात लिंगओळख येते असं सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं, आणि लैंगिक कलही येतो असं संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत म्हणणाऱ्या २०१८ च्या नवतेज जोहर निकालात. तेव्हा कलम लावायला वाव आहे. अडतं ते एफआयआरमध्ये. छापील नमुन्यात हेतूचा रकाना नाही, आणि मजकुरात ‘अश्लील शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली’ हे वर्षानुवर्षांचं वाक्य उतरतं. ‘छक्क्या, तुला आज सुधारतोच’ असं ओरडत मारलं असेल, तर तेच शब्द अवतरणचिन्हांत लिहावेत. ते गेले की हेतूचा सर्वात जवळचा पुरावा गेला. तक्रारीला उशीर का झाला, याचा रकाना नमुन्यात आहे. तो रिकामा सुटतो आणि उलटतपासणीत आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. ‘घरी कळेल या भीतीने’ एवढं लिहिलं तरी पुरे.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट याहून बिकट आहे. १ जुलै २०२४ पासून ३७७ पूर्ण गेलं. पुरुषावर बलात्कार झाला तर त्याला ते नाव देणारं कलम न्याय संहितेत नाही. पीडिताचं नाव गुप्त ठेवणं (७२), रुग्णालयाने मोफत उपचार करणं, फिर्याद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा (१९९) हे सगळं मुख्यतः स्त्रिया आणि मुलांवरच्या गुन्ह्यांच्या खुंटीला टांगलेलं. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना महिला आणि बालकांपुरती. ही दुरुस्ती दिल्लीत व्हायची तेव्हा होवो. तोवर कलम सापडत नाही म्हणून वैद्यकीय तपासणीचं पत्र अडवू नये आणि कपडे कागदी पाकिटात घ्यावेत. प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडतो, बुरशी येते, नमुने खराब होतात. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुनं ३७७ लागतंच. ‘ते कलम रद्द झालं’ म्हणून परत पाठवू नये. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरील अत्याचाराबद्दलचं कलम १८ आलं, तेव्हा शिक्षा किमान ६ महिने, कमाल २ वर्षं ठेवली होती. ते लावावं, पण दुखापत आणि खंडणीच्या कलमांच्या जोडीने. एकटं लावून हात झटकू नयेत.

एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, त्यातच संवेदनशील गुन्ह्यांना सूट आहे. तो निर्णय किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी घेतो. या फिर्यादी त्या सवलतीत आपोआप धराव्यात. आणि फिर्यादी सज्ञान असेल तर ‘वडिलांना बोलावून घे’ हे वाक्य ठाण्यात उच्चारू नये. खंडणीखोर ज्याची धमकी देतो, तेच आपण फुकट करून देतो.

२०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि राज्यात पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष असायला हवा. त्याचा फोन क्रमांक ठाण्याच्या दर्शनी फलकावर लावावा. तामिळनाडूने मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तन नियमांतच या समूहाचा छळ निषिद्ध केला. त्याच आदेशात आणखी एक सूचना आहे : सज्ञान जोडप्यापैकी कुणाची ‘मिसिंग’, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, घरच्यांनी दिली, तर जबाब घ्यावा आणि संमतीने एकत्र राहत असल्याचं दिसलं की तक्रार छळ न करता बंद करावी. आपल्या परिपत्रकात ही सूचना जशीच्या तशी यावी, आणि परिपत्रकाची प्रत ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या काचेखाली असावी.

आपले,
पीडितांसोबत ठाण्यात जाणारे कार्यकर्ते आणि वकील