गोळी चुकवू नकोस

चि. सईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. "गुडघा दुखत नाही, आता गोळी कशाला" म्हणालीस आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. वर म्हणे, शेजारचे काका हीच फ्लुकोनाझोलची गोळी नायट्यावर आठवड्यातून एकदा घेतात. घेतात, पण १५० मिलिग्रॅमची. त्यांचा नायटा कातडीवर आहे. केमोनं पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या, तेव्हा कॅन्डिडा नावाची बुरशी रक्तातून तुझ्या सांध्यात शिरली. म्हणून तुला रोज ४००.

सूज दिसली तेव्हा जिन्यात आपटला असेल म्हणून मी आंबेहळद उगाळत बसलो. चार दिवस. सुईनं सांध्यातलं पाणी काढलं, कल्चरमध्ये बुरशी आली, तेव्हा कळलं. ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

दुर्बिणीतून सांधा धुतला, २ आठवडे सलाईनमधून औषध झालं. आता फ्लुकोनाझोल निदान ४ आठवडे. ११ दिवस झाले, १७ राहिले. दुखणं आधी थांबतं, बुरशी मागून मरते. ती उलटली तर केमो पुन्हा पुढे ढकलावी लागेल, आणि ल्युकेमिया काही आपल्यासाठी थांबणार नाही. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

केमोतल्या व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनाआधी ही गोळी चालू असल्याचं दर वेळी सांग. या जातीच्या गोळ्यांनी ते अंगात जास्त साठू शकतं, मग पायांना मुंग्या येतात, पोट गच्च होतं. फाईलवर आहे म्हणशील. तरी तोंडानं सांग.

पुन्हा मास्तरकी झाली. रागावू नकोस.

याच गुडघ्यावर आगाशिवच्या पायऱ्यांवर पडली होतीस, आठवतं? दुसरीत होतीस. रक्त पुसू दिलं नाहीस, वरची लेणी बघूनच खाली आलीस. मी मागून चालत होतो, हात पुढे धरून. दवाखान्यातल्या कॉरिडॉरमध्ये वॉकर बाजूला सारलास, तेव्हाही तसाच चालत होतो. तू मागं वळून बघितलं नाहीस, ते बरं झालं.

सोमवारी लिव्हरच्या तपासणीचं रक्त द्यायला मामा येईल. ताप १००.४ दिसला तर सोमवारची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. जिना उतरताना त्याचा हात धर.

आज रात्रीची घेतलीस का? मावशीला नको, मलाच कळव.

तुझे
बाबा