गायरानावरची फवारणी आणि धुऱ्यापलीकडची कपाशी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आमच्या भागातील गायराने गाजरगवताने भरून जातात आणि त्यावर ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक फवारले जाते. हे औषध रुंद पानांची तणे मारते व गवताला सहसा धक्का लावत नाही, म्हणून कुरणासाठी ते सोयीचे. मात्र ‘निवडक’ या शब्दाचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेतला जातो, आणि त्याची किंमत शेजारचा शेतकरी मोजतो.

दोन वर्षांपूर्वी ती मी मोजली. गायरानाला लागून माझी दीड एकर कपाशी आहे. तिथे फवारणी झाल्यानंतर आठवडाभरात कपाशीचा नवा फुटवा भेंडीच्या पानासारखा निमुळता, बोटे फुटल्यागत येऊ लागला आणि शिरा जाड होऊन एकत्र आल्या. विषाणूजन्य रोग समजून मी दोन फवारण्यांचा खर्च केला. तो रोग नव्हता. वाऱ्याने आलेले तणनाशक होते. कपाशी, द्राक्ष व टोमॅटो या औषधाला इतके नाजूक असतात की त्याचा अंशही पुरतो.

‘टू-फोर-डी’ एस्टर आणि अमाइन सॉल्ट अशा रूपांत मिळते. एस्टरची उन्हात वाफ होते व ती फवारणी संपल्यावरही शेजारच्या शिवारात जाऊ शकते; अमाइन सॉल्ट त्या मानाने कमी उडते. कपाशीच्या भागात एस्टर घेऊच नये, असे माझे मत आहे, आणि कृषी सेवा केंद्राने विकण्यापूर्वी ‘शेजारी कोणते पीक आहे?’ एवढे तरी विचारावे. नोझलही महत्त्वाचे आहे. कीटकनाशकाच्या गोल नोझलचे बारीक तुषार दूर जातात, म्हणून तणनाशकाला मोठे थेंब पाडणारे पट्टा नोझल लावावे, ते जमिनीलगत धरावे आणि दाब कमी ठेवावा. पहाटेची अगदी निवांत हवा सुरक्षित वाटते, पण तेव्हा बारीक तुषार जमिनीलगत तरंगत राहून भलतीकडे सरकतात. त्यापेक्षा पिकाकडून गायरानाकडे वाहणारा मंद वारा बरा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. पहिल्या पावसानंतर गावातील बायका गायरानातूनच तरोट्याची कोवळी भाजी खुडून आणतात. हा तरोटा गाजरगवताला दाबून ठेवणारा म्हणून ओळखला जातो, परंतु रुंद पानांचा असल्यामुळे औषध त्यालाही मारते. म्हणजे शत्रूबरोबर मित्रही जातो आणि मोकळी झालेली जागा पुढच्या पावसात पुन्हा गाजरगवतच धरते. त्यामुळे सरसकट फवारणीपेक्षा गाजरगवताचे पट्टे निवडून, तेही फुलोऱ्यापूर्वी फवारावेत. एकेक झाड हजारो बिया टाकते. फुलल्यावर फवारणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. जिथे गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांनी त्याची पाने खाऊन चाळण केली आहे, तिथे औषध टाकण्याची गरजच नाही.

फवारलेल्या जागेत लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत गुरे सोडू नयेत, कारण एरवी जनावर टाळते अशी काही विषारी तणे कोमेजताना चवदार लागतात. डब्यावरील त्रिकोण हिरवा असला तरी तो विषारीपणा कमी असल्याचे सांगतो, नसल्याचे नव्हे. हातमोजे, तोंडावर कापड आणि अंगभर कपडे हवेतच.

आमच्या ग्रामपंचायतीने फवारणीची तारीख आधी जाहीर करावी, भाजी खुडणाऱ्यांना व लागून असलेल्या शेतकऱ्यांना सांगावे आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पंप नुसता पाण्याने खळबळून पुरत नाही. त्यातील उरलेसुरले औषध दुसऱ्या दिवशी कपाशीवर जाते. मी माझ्या पंपावर लाल रंगाचा जाड पट्टा ओढून ठेवला आहे, म्हणजे अंधारात घाईने उचलणाऱ्या मजुरालाही तो ओळखू येतो.

आपला,
एक कापूस उत्पादक
जि. यवतमाळ